घरच्या घरी बाथ सॉल्ट: बाथटब नसलेल्या घरांसाठी पहिल्यापासून सगळं

बाथ सॉल्ट घरी करायचं म्हणून व्हिडिओ बघायला बसलात की पहिल्या मिनिटालाच लक्षात येतं, या सगळ्यांच्या घरी बाथटब आहे. दोन वाट्या मीठ टाका, आत आडवे व्हा, मेणबत्ती लावा. आपल्याकडे बादली, मग, आणि फार तर पाय बुडतील एवढा प्लॅस्टिकचा टब. त्यामुळे त्या रेसिपी जशाच्या तशा उचलल्या की प्रमाण चुकतं, मीठ वाया जातं, आणि तुम्ही मुंबई-कोकण-गोव्याकडे असाल तर पावसाळ्यात बरणीत आठवड्याभरात पाणी दिसायला लागतं. मी डोंबिवलीत राहते. इथल्या हवेत टिकेल आणि बादलीत वापरता येईल असं मीठ कसं करायचं ते शिकायला मला बराच वेळ लागला, कारण एका जागी नीट लिहिलेलं कुठे मिळालंच नाही, सगळं इकडून तिकडून गोळा करायला लागलं. ते तुम्हाला करायला लागू नये म्हणून सविस्तर लिहितेय. सगळा खेळ दोन गोष्टींचा आहे, मीठ पूर्ण कोरडं हवं आणि वासाचं तेल कमी हवं. बाकी तुमची आवड.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. या मिठाने शरीरातली घाण म्हणजे ते टॉक्सिन वगैरे बाहेर पडत नाही. मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन त्याची कमतरता भरून निघते असंही पाकिटांवर छापतात, त्याला भक्कम पुरावा नाही. पण दिवसभर उभं राहून, लोकलमध्ये लटकून घरी आल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवून बसलं की बरं वाटतं हे खरंच आहे, आणि त्यात वाळ्याचा किंवा लॅव्हेंडरचा मंद वास असला तर आणखी बरं वाटतं. तेवढ्यासाठी करायचं. औषध म्हणून करू नका.

१. आधी हे वाचा: कोणी वापरायचं नाही

हा भाग शेवटी टाकतात आणि मग कोणी वाचत नाही, म्हणून वर घेतला.

डायबेटिस असेल तर पाय भिजवत बसणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पोळतं, शिवाय जास्त वेळ भिजलेली कातडी फाटते, आणि ती जखम भरायला किती त्रास होतो हे ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे आईवडिलांसाठी म्हणून हे मीठ करायला घेणारे खूप असतात, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा.

उघडी जखम, एक्झिमा, नुकतं वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलेलं असेल तर त्या दिवशी नको, नुसती आग होते. टाचांना खोल भेगा असतील आणि त्यातून रक्त येत असेल तरी नको. गरोदर बाई, हार्टचा किंवा किडनीचा पेशंट, यांनी डॉक्टरांना विचारून. लहान मुलांसाठी वेगळं करा, त्यात तेल घालूच नका. निलगिरी, पेपरमिंट, कापूर हे तर छोट्या मुलांच्या आसपास नकोच.

आणि बरणी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. दिसायला खडीसाखरेसारखं दिसतं, आणि यात सगळ्यात जास्त असतं ते एप्सम सॉल्ट पोटात गेलं की जोरदार जुलाब होतात.

२. काय काय लागेल

साधारण अर्धा किलो मिठासाठी:

– एप्सम सॉल्ट ३०० ग्रॅम
– जाडं मीठ म्हणजे खडे मीठ १५० ग्रॅम
– खायचा सोडा ५० ग्रॅम (नसला तरी चालतं, मग खडे मीठ २०० करा)
– खोबरेल, तीळ किंवा बदाम तेल १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिली
– इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीचा वासाचा अर्क, जास्तीत जास्त ३० थेंब
– मोठं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं, लाकडी चमचा, वजनकाटा
– घट्ट झाकणाची काचेची बरणी
– मलमलचं स्वच्छ फडकं

वजनकाटा नसेल तर वाटीने मोजा, सहा भाग एप्सम, तीन भाग खडे मीठ, एक भाग सोडा. थोडं इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र थेंब मोजायचे म्हणजे मोजायचेच, त्यावर पुढे येते.

३. खरेदी: इथेच सगळ्यात जास्त फसायला होतं

एप्सम सॉल्ट. याचं खरं नाव मॅग्नेशियम सल्फेट. एप्सम हे इंग्लंडमधलं गाव, तिथल्या झऱ्याचं कडू पाणी सतराव्या शतकात प्रसिद्ध झालं, त्यावरून हे नाव. आपलं खायचं मीठ आणि हे यांचा तसा काही संबंध नाही. खडे बघितले की फरक लगेच कळतो, एप्समचे खडे काचेसारखे पारदर्शक, बारीक लांबट सुईसारखे असतात आणि खडे मीठ चौकोनी, जरा राखाडी-पांढरं.

आता सापळा. हेच मॅग्नेशियम सल्फेट खत म्हणूनही विकतात. कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडायला लागली, की त्याची फवारणी करतात, द्राक्षबागेत वापरतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात आणि नर्सरीत ते पोत्याने आणि बरंच स्वस्त मिळतं, आणि कोणीतरी तुम्हाला सांगणारच की अगं तेच आहे ते, घे. घेऊ नका. खताच्या ग्रेडमध्ये बाकीचं काय किती आहे ते अंगाला लावायच्या हिशोबाने तपासलेलं नसतं. पाकिटावर 'मॅग्नेशियम सल्फेट आयपी' असं लिहिलेलं बघा, आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या दर्जाचं. मेडिकलमध्ये मिळतं, ऑनलाइन मिळतं. ऑनलाइन घेताना फोटोत बाथटब आणि फुलं असली तरी खाली वर्णनात 'फॉर प्लांट्स' लिहिलेलं असू शकतं, तेवढं खालपर्यंत स्क्रोल करून वाचा.

आणि तुरटी वेगळी बरं का. पांढरे पारदर्शक खडे म्हणून दुकानात काही वेळा तीच पुढे करतात, ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, तिचं काम वेगळं. सोड्याच्या जागी टाकणखार नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको, तो फार तीव्र असतो आणि कातडी सोलवटते. फक्त खायचा सोडा, जो आपण ढोकळ्यात घालतो तो.

खडे मीठ. किराणा दुकानात मिळतं ते साधं जाडं मीठ पुरे. उरण-पेणकडचं, वसई-पालघरकडचं किंवा शिरोड्याचं मिठागराचं मीठ मिळालं तर छानच (शिरोडा म्हणजे जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते), गोव्यात आगरातलं मीठ मिळतं तेही उत्तम. फक्त मिठागराच्या मिठात थोडी माती असते आणि ओल जास्त असते, ते निवडून आणि नीट वाळवून घ्यायला लागतं. बारीक आयोडीनचं मीठ वापरलं तरी अपाय काही नाही, पण बरणीत त्याचे लवकर गठ्ठे होतात.

सैंधवाचा गुलाबी रंग लोहामुळे असतो आणि दिसतं सुंदर, म्हणून गिफ्टसाठी थोडं वरून घालायला हरकत नाही, पण त्याने गुण वाढतात म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे देऊ नका, पाण्यात विरघळल्यावर ते मीठच आहे. काळं मीठ म्हणजे पादेलोण मात्र चुकूनही नको, गरम पाण्यात पडलं की अख्ख्या बाथरूमला उकडलेल्या अंड्याचा वास.

इसेन्शियल ऑइल. बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच प्रकारच्या छोट्या तपकिरी बाटलीत मिळतात. एक खरं इसेन्शियल ऑइल, वनस्पतीचा अर्क. दुसरं फ्रेग्रन्स ऑइल, कारखान्यात केलेला वास. तिसरं डिफ्युझरचं तेल, जे हवेत उडवायला असतं आणि त्यात काय पातळ केलंय ते लिहिलेलंच नसतं. अंगाच्या पाण्यात तिसरं नको. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असेल, 'शंभर टक्के शुद्ध' याशिवाय आणखी काही माहिती असेल, तर तिला प्राधान्य द्या. आणि गुलाब, मोगरा यांचं खरं तेल भयंकर महाग असतं. दहा मिली गुलाब तेल दीडशे रुपयांत मिळत असेल तर ते गुलाबाचं नाही एवढं समजा.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे बरण्या, तेलं, बाकीचं सामान एका फेरीत होतं. वाळा, नागरमोथा, सुकलेल्या गुलाबपाकळ्या यासाठी काष्ठौषधीचं दुकान गाठा, दिवाळीच्या आधी उटण्याच्या सामानासाठी जातो तेच.

४. मीठ वाळवणं

ही पायरी व्हिडिओत कोणी दाखवत नाही आणि आपल्याकडे तर हीच सगळ्यात महत्त्वाची.

कारण असं की हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार राहिलेले असतात, ते तर त्याच्याही आधी पाणी धरतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आर्द्रता यापेक्षा बरीच वर असते. म्हणून तर आपल्या आज्या मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या आणि पावसाच्या आधी भरून ठेवायच्या.

खडे मीठ जाड बुडाच्या जुन्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं परता. आधी ते कढईला जरा चिकटतं, मग तडतड असा बारीक आवाज यायला लागतो, मग चमचा फिरवताना खडे एकमेकांवर सुटे खळखळायला लागतात, तिथे गॅस बंद. नॉनस्टिक वापरू नका, ओरखडे पडतात. ओव्हन असेल तर ट्रेवर पसरून ११०-१२० डिग्रीला वीस मिनिटं. मग पूर्ण गार होऊ द्या, हाताला जराही कोमट लागत असेल तर थांबा, कारण कोमट मिठावर तेल घातलं की वास तिथेच उडून जातो आणि कोमट मीठ एप्सममध्ये मिसळलं तर पुढची गडबड होते.

ती गडबड अशी, एप्सम सॉल्ट कधीही गरम करायचं नाही. त्याच्या खड्याच्या आतच पाणी असतं, रचनेचाच भाग म्हणून, आणि थोडंथोडकं नाही तर वजनाच्या जवळपास अर्धं. कढईत टाकलं की ते पाणी सुटतं आणि खडे विरघळून पांढरी चिकट खळ तयार होते, जी गार झाल्यावर कढईला दगडासारखी बसते. एप्सम जसं पाकिटातून निघेल तसंच वापरायचं.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात याच्या उलट होतं, कोरड्या गरम हवेत एप्समचे पारदर्शक खडे वरून पिठूळ पांढरे पडतात. लोकांना वाटतं बुरशी लागली. काही नाही झालेलं, थोडं पाणी उडून गेलंय एवढंच, बिनधास्त वापरा.

वेळ कोणती निवडायची? ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही, दुपारी, पाऊस नसताना. भर पावसाळ्यात करायचंच असेल तर एसीच्या खोलीत पंखा बंद करून मिसळा आणि लगेच बरणीत भरा.

५. तेल: कमी म्हणजे खरंच कमी

सगळीकडे लिहिलेलं असतं मिठात तेलाचे थेंब टाका आणि ढवळा, मीठ तेलाला पाण्यात पसरवतं. नाही पसरवत. तेल पाण्यात विरघळत नाही आणि मिठामुळे त्यात काही फरक पडत नाही. मीठ विरघळून जातं आणि इसेन्शियल ऑइलचा थेंब तसाच्या तसा वर तरंगत राहतो आणि मग तो थेट, काहीही न मिसळता, तुमच्या कातडीला चिकटतो. पाय बुडवून बसल्यावर घोट्याभोवती पाण्याच्या रेषेवर लाल वळ उठतो तो याच्यामुळे.

म्हणून इसेन्शियल ऑइल आधी साध्या तेलात मिसळायचं. छोट्या काचेच्या वाटीत एक छोटा चमचा खोबरेल घ्या, त्यात थेंब मोजून टाका, काडीने हलवा. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर वाटी गरम पाण्यात धरून पातळ करा, पण पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका. अर्धा किलो मिठाला सगळी तेलं मिळून तीस थेंब, म्हणजे अंदाजे दीड मिली. बरणी उघडून वास घेतला की कमी वाटेल. गरम पाण्यात टाकल्यावर तो उमलतो, त्यामुळे बरणीच्या वासावरून ठरवू नका.

पहिल्यांदा करताय तर नुसतं लॅव्हेंडर घ्या, ते सगळ्यात सौम्य त्यातल्या त्यात. गवती चहाचं तेल आपल्याला ओळखीचं आणि स्वस्त, पण कातडीला चावतं, तीसपैकी सहा-सात थेंबांच्या वर नको. दालचिनी आणि लवंगेचं तेल यात घालूच नका. लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) यांची सालीतून दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलं की कातडीवर डाग पडू शकतात, ती वापरलीत तर फक्त रात्री. देवघरातला कापूर कुटून घालायचा सल्लाही मिळेल, तो ऐकू नका. घरात मांजर असेल तर टी ट्रीचं तेल टाळा, मांजरांना ते विषारी आहे आणि ती पाय चाटून घेतातच.

तेलाशिवायही करता येतं आणि मला स्वतःला ते जास्त आवडतं. वाळ्याची सुकी मुळं झटकून, बोटभर लांबीची कापून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून मिठाच्या बरणीत मधोमध पुरून ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत मिठाला मातीसारखा थंड वास लागतो. नागपूरची संत्री मिळायला लागली की साली सावलीत कुडकुडीत वाळवून, जाडसर कुटून तशाच पुरचुंडीत घाला. साल वाकली तर अजून ओली आहे, तुटली पाहिजे.

६. मिसळणं

यात विशेष काही नाही. काचेच्या भांड्यात आधी एप्सम आणि गार झालेलं खडे मीठ, त्यावर तेलाचं मिश्रण एका जागी न ओतता शिंपडल्यासारखं, मग दोन-तीन मिनिटं खालून वर ढवळा. सोडा सगळ्यात शेवटी चाळणीतून भुरभुरवा, तो सुटं राहिलेलं तेल टिपून घेतो आणि खडे मोकळे होतात. आधीच घातला तर तेलाबरोबर त्याच्या गुठळ्या होतात. मग भांड्यावर फडकं टाकून रात्रभर कोरड्या जागी ठेवा, सकाळी एकदा ढवळा आणि भरा.

फेस यावा म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व घालायला सांगतात. दमट हवेत ते सोड्याबरोबर बरणीतच काम सुरू करतं, आत गॅस धरतो, घट्ट झाकणाची काचेची बरणी फुटूही शकते, आणि वापरायच्या वेळेला फेस संपलेला असतो. शिवाय बाथरूमला संगमरवर असेल तर आम्लाने त्याची चमक जाते. मी तरी म्हणेन सोडून द्या.

७. रंग आणि फुलं

रंग नका घालू. हळद घातली तर नखं, टब, टॉवेल सगळं पिवळं. बिटाची पावडर महिन्यात तपकिरी पडते. खायचा रंग थेंबभर चालतो पण त्याने मिळतं काय?

पाकळ्या घालायच्या तर पूर्ण सुकलेल्या, चुरगळल्या की चुरा होणाऱ्या. ताजी पाकळी मिठात टाकली की ती पाणी सोडते, काळी पडते आणि अख्खी बरणी ओली करते. आणि बादलीत मोकळ्या पाकळ्या म्हणजे अंगाला चिकटणार आणि जाळीत अडकणार, त्या पुरचुंडीतच ठेवा.

८. भरणं आणि ठेवणं

काचेची बरणी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून घ्या. झाकण प्लॅस्टिकचं किंवा काचेचं हवं. लोणच्या-जॅमच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण मिठाने गंजतं आणि तो गंज मिठात पडतो. तेच असेल तर झाकणाच्या आत जाड प्लॅस्टिक लावा. स्टीलचा डबा नको, मिठाने स्टीललाही बारीक खड्डे पडतात, तांब्या-पितळेचं तर विचारूच नका. दोन छोट्या बरण्या एका मोठीपेक्षा बऱ्या, कारण रोज उघडझाक होते ती एकच बरणी दमट होते, दुसरी सुरक्षित राहते. सिलिका जेलची पुडी मिळाली तर तळाशी टाका, नाहीतर तांदळाची छोटी पुरचुंडी.

बरणी बाथरूममध्ये ठेवू नका. लागेल तेवढं वाटीत काढून न्या, कोरड्या चमच्याने. वर तारीख आणि कोणती तेलं घातली ते चिकटवा, कोणाला दिलंत तर त्यांना अ‍ॅलर्जीचं कळायला हवं. सहा महिन्यांत संपवा, इसेन्शियल ऑइल जुनं झालं की हवेने बदलतं आणि मग कातडीला जास्त त्रास देतं.

९. वापरायचं कसं

पहिल्यांदा चाचणी. चमचाभर मीठ मगभर कोमट पाण्यात विरघळवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, सुकू द्या, दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. खाज, लाली काही आलं तर त्या तेलाचा नाद सोडा.

पायांसाठी. घोटे बुडतील एवढं, साधारण चार-पाच लिटर पाणी टबात घ्या. आधी गार, मग त्यात गरम ओता, उलटं नको. कोपर बुडवून बघा, सुखद कोमट लागलं पाहिजे, चटका नाही. थर्मामीटर असेल तर ३७-३९ डिग्री. तीन मोठे चमचे मीठ टाकून पूर्ण विरघळवा आणि मगच पाय घाला, पंधरा मिनिटं, फार तर वीस. बोटं सुरकुतायला लागली की बास. मग साध्या पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा आणि टाचांना कोकम तेल म्हणजे भिरंडेल किंवा नुसतं खोबरेल लावून मोजे घाला. मीठ कातडी कोरडी करतं, त्यामुळे हे तेल लावणं टाळू नका. आठवड्यातून दोन वेळा भरपूर झालं. उठताना टबाच्या बाजूला पायपुसणं टाकून ठेवा, तेलामुळे फरशी निसरडी होते, घरात ज्येष्ठ असतील तर हे नक्की.

बादलीसाठी. बाथटबमध्ये अंदाजे दीडशे लिटर पाणी आणि त्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला दोन ग्रॅम. आपली बादली अठरा-वीस लिटरची, म्हणजे चाळीस ग्रॅम, अडीच मोठे चमचे. थेट बादलीत टाकलं तर खडे तळाशी बसून राहतात, म्हणून आधी मगभर गरम पाण्यात विरघळवा आणि तो मग बादलीत ओता.

आणि क्रम महत्त्वाचा. साबण लावून साध्या पाण्याने आंघोळ आधी उरकून घ्या, मिठाचं पाणी शेवटी. मॅग्नेशियममुळे पाणी जड होतं, त्यात साबणाला फेस येत नाही आणि अंगावर, बादलीवर पांढरट चिकट साय बसते. बोअरवेलचं पाणी असलेल्यांना ही साय चांगलीच माहीत असेल. मिठाचं पाणी खांद्यावरून हळूहळू घ्या, डोळ्यात आणि केसांवर नको, दोन-चार मिनिटांनी एक मग साधं पाणी घेऊन अंग टिपा.

पाणी तापवायला बादलीत रॉड लावत असाल तर मीठ घातलेल्या पाण्यात रॉड कधीही, कधीही लावू नका. मिठाचं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं, शॉक बसायचा धोका वाढतो आणि रॉडही गंजतो. पाणी आधी तापवा, बटण बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर काढा, मग मीठ. गीझरच्या टाकीत घालायचा तर प्रश्नच नाही. आणि उरलेलं पाणी झाडांना घालू नका, एप्सम झाडांना चांगलं असतं म्हणून लोक तुळशीत ओततात पण यात खडे मीठ आणि सोडाही आहे, तुळस जळते. मोरीतच ओता आणि वर साधं पाणी मारा.

१०. विकायचा विचार असेल तर

दोन-चार मैत्रिणींना आवडलं की दिवाळीच्या गिफ्ट हॅम्परची कल्पना डोक्यात येतेच. घरच्यांना, ओळखीच्यांना भेट देणं वेगळं आणि विकायला बनवणं वेगळं. अंगाला लावायची वस्तू विक्रीसाठी बनवायची तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खाली राज्याच्या एफडीएचा म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, जागा, लेबल सगळ्याचे नियम आहेत. 'हर्बल आहे', 'होममेड आहे' म्हणून सूट मिळत नाही. आणि लेबलवर सांधेदुखी बरी होते, सूज उतरते असलं काही लिहिलंत तर तो औषधाचा दावा होतो आणि प्रकरण आणखी वाढतं. इन्स्टाग्रामवर पेज काढायच्या आधी एफडीएच्या ऑफिसात चौकशी करा.

११. बिघडलं तर

गठ्ठा झालाय पण कोरडा आहे: पिशवीत घालून लाटण्याने ठोका, तसंच वापरा.

बरणीच्या तळाशी पाणी दिसतंय: पाणी ओतून टाका, उरलेलं मलमलवर पसरून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, तेल उडतं. वाळलं की पायांसाठी वापरून पटकन संपवा, परत साठवू नका.

वास उडालाय: वाळ्याची पुरचुंडी पुरून ठेवा. वरून नवीन थेंब टाकत बसू नका, आधीचे किती राहिलेत ते कळत नाही आणि प्रमाण हाताबाहेर जातं.

खवट वास येतोय: खोबरेल खराब झालं, टाकून द्या.

काळे किंवा हिरवट ठिपके: पाकळी किंवा साल ओली राहिली होती, पूर्ण बरणी टाका, ठिपके काढून बाकीचं वापरू नका. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस ठेवा आणि पुढच्या खेपेला पाकळ्या आणखी चार दिवस वाळवा.